खालच्या ओठाच्या आत

डॉक्टरांनी दिवा बाजूला सरकवला आणि पूर्णिमाच्या हातात छोटा आरसा दिला. खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू अर्ध्यापर्यंत साफ झाली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर पिवळट, दगडासारखा थर तसाच होता. दोन्ही एकाच तोंडात शेजारी शेजारी पाहून तिला ओशाळल्यासारखं झालं.

"ब्रश आणलाय?"

भेटीची वेळ देतानाच फोनवर सांगितलं होतं की रोजचा ब्रश बरोबर आणा. पूर्णिमाने पर्समधून तो काढला. डॉ. प्रियदर्शनी यांनी तो उजेडात धरला. त्याचे केस दोन्ही बाजूंना आडवे झोपले होते.

"याने दात घासता की कढई?"

विश्रांतवाडीच्या चौकाजवळचा हा दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेरच्या खोलीत पाटी होती : 'तपासणीला येताना दात घासून यावे. न घासल्यास डॉक्टरांना कळते.' पूर्णिमा घासून आली होती, जोर लावून, आणि म्हणूनच हिरड्या जास्त सुजल्या होत्या. गरोदरपणापासून ब्रशला रक्त लागत होतं. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, असं यवतमाळहून आईने फोनवर दोनदा बजावलं होतं, त्यात वर्ष गेलं. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की दात हिरडी धरून ठेवते, घाण नाही. मग मऊ केसांचा ब्रश कसा तिरका धरायचा, हिरडीकडून दाताकडे कसा फिरवायचा, झोपण्याआधीचं घासणं सकाळच्या घासण्यापेक्षा का महत्त्वाचं, हे त्यांनी प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवलं. पूर्णिमाने सगळं लक्षपूर्वक पाहिलं. ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करत होती. कोणी पायऱ्या सांगितल्या की तिला बरं वाटायचं.

"मुलगी आठ महिन्यांची म्हणालात ना? दिवसभर कोण सांभाळतं तिला?"

पूर्णिमाने शकूमावशींबद्दल सांगितलं.

"त्यांना एकदा घेऊन या. घास फुंकून, चाखून भरवत असतील तर त्यांच्या तोंडातलं तिच्या तोंडात जातं. आणि या वयाच्या बायका स्वतःच्या तोंडात कधी बघत नाहीत."

पूर्णिमाने चूळ भरली. बेसिनमध्ये गुलाबी पाणी पडलं.

"त्या सुपारी दातांनी फोडतात, डॉक्टर. त्यांचे दात माझ्यापेक्षा बरे आहेत."

"मी दात म्हणाले नाही. तोंड म्हणाले."

पूर्णिमा हसली. तिला पावणेसातपर्यंत घरी पोचायचं होतं. डॉक्टरांनी दिलेला प्रश्नांचा कागद तिने पर्समध्ये घातला आणि मावशींना आणते म्हणाली. आणायचं नाही हे तिने जिना उतरतानाच ठरवलं होतं.

कारण साधं होतं. धानोरीत पूर्णिमा राहत होती त्या इमारतीची जागा म्हणजे आधी शकूमावशींच्या घरचं ज्वारीचं रान. बिल्डरने मोबदल्यात दिलेल्या फ्लॅटपैकी तळमजल्याचा त्यांनी स्वतःला ठेवला होता, मागे दार आणि धुण्याची फरशी असलेला. मुलगा साईनाथ सून-नातवंडांसह बाणेरला राहायला गेला आणि घरात त्या आणि त्यांचे यजमान संपतराव उरले. पूर्णिमाचा नवरा तेजस कंपनीच्या कामासाठी वर्षभर न्यू जर्सीला गेलेला. रजा संपत आली तेव्हा ती पाळणाघरांचे पत्ते घेऊन पार्किंगमध्ये उभी होती, आणि मावशी आपणहून म्हणाल्या होत्या, "माझ्यापाशी ठेव की. दिसभर मी तरी काय करती?"

ओवी तिथे राहिली म्हणून पूर्णिमाची नोकरी राहिली. सकाळी पावणेआठला कंपनीची गाडी यायची, संध्याकाळी सहाला सोडायची. त्या मधल्या दहा तासांची तिने टाचणं करून मावशींच्या टीव्हीखाली चिकटवली होती : दूध किती वाजता, चमचा किती वेळ उकळायचा, ताप आला तर कोणाला फोन. कामाला ठेवलेल्या बाईला तोंड तपासून घ्या म्हणता आलं असतं. जिच्या रानावर आपण राहतो, जी आपलं मूल मायेने सांभाळते, तिला कसं म्हणायचं? मावशी दुखावल्या तर उद्या सकाळी पावणेआठला ओवी कोणाकडे द्यायची, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

तरी कागद कोरा ठेवणं तिच्या स्वभावात बसेना. दोन दिवसांनी ओवीला घ्यायला गेली तेव्हा मावशी ज्वारीचं पीठ मळत होत्या. पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सहज विचारल्यासारखं एकेक विचारत गेली.

दात कशाने घासता? मंजनाने. दिवसातून किती वेळा? लई वेळा, मावशी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. पूर्णिमाला ते बरं वाटलं. तिने लिहिलं : मंजन, दोनपेक्षा जास्त वेळा.

"तंबाखू खाता का?"

मावशींचे हात थांबले.

"मी? अगं, तंबाखू यांच्या खिशात असती. म्या कशाला खाऊ?"

बाहेरच्या खोलीतून संपतराव म्हणाले, की बायको त्यांच्या खिशातलं बाकी सगळं खाते, तेवढं एक सोडते.

पूर्णिमाने 'नाही'वर खूण केली. तंबाखू म्हणजे काय हे तिला पुरतं ठाऊक होतं. यवतमाळला वडील रोज पानठेल्यावरून खर्रा आणायचे, प्लास्टिकच्या कागदात तो तळहाताने घासून घासून एकजीव करायचे, आणि मग तासभर त्यांच्याशी बोलायची सोय नसायची. तिच्या माहेरी तंबाखू पुरुष खात, खाणारा माणूस बोटांवरून आणि ओठांच्या कोपऱ्यावरून ओळखू येई. मावशींचे ओठ कोरडे, स्वच्छ होते. दातांच्या कडा काळसर होत्या, पण पाण्याने काळे झालेले दात तिने धानोरीत पुष्कळ पाहिले होते.

तोंडात कुठे जखम, आग, दुखणं?

"तिखट झोंबतं जरा आताशा. वय झालं."

पूर्णिमाने तिथेही 'नाही' लिहिलं. कागद भरून झाला होता. पुढच्या महिन्यात हिरड्या दाखवायला गेली तेव्हा तिने तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, आणि तोंड उघडल्याशिवाय कागदाचा काही उपयोग नसतो म्हणाल्या. आणते, असं पूर्णिमा पुन्हा म्हणाली.

ओवीला दात येत होते. पूर्णिमाकडे असली की ती रात्रंदिवस किरकिर करायची, रबरी कडी फेकून द्यायची. मावशींकडे मात्र शांत असायची. दुपारी दोन-दोन तास झोपते म्हणे. पूर्णिमाला याचं कौतुक वाटायचं आणि थोडा हेवाही. फक्त ओवीच्या झबल्यांना अधूनमधून काहीतरी करपल्याचा वास यायचा. तिने मावशींच्या टीव्हीखाली आणखी एक टाचण लावलं : ओवीजवळ डासांची कॉइल लावू नये. मावशींनी ते वाचून मान डोलावली. त्यांच्या घरात कॉइल कधी नव्हतीच.

मार्चमध्ये एका दुपारी वीज गेल्यावर कंपनीचा जनरेटर चालू झाला नाही. दीड वाजता सगळ्यांना घरी सोडलं. पूर्णिमा अडीचला पोचली. मावशींचं पुढचं दार उघडंच असायचं. आत पंखा बंद, संपतराव पलंगावर झोपलेले, ओवीची दुपटी रिकामी. मागच्या दाराशी पाण्याचा आवाज येत होता.

मावशी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. ओवी त्यांच्या मांडीत. मावशींच्या डाव्या तळव्यावर काळी पूड होती. उजव्या हाताची तर्जनी त्या पुडीत टेकवत, मग स्वतःच्या हिरड्यांवरून डावीकडून उजवीकडे फिरवत. चेहरा स्वस्थ, डोळे अर्धे मिटलेले. थोडी पूड त्यांनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवली. तेवढ्यात ओवीने तोंड वाकडं केलं आणि रडायचा सूर धरला. मावशींनी बोट पदराला पुसलं आणि तिच्या तोंडात दिलं. ओवी ते हिरडीने चावू लागली आणि गप्प झाली.

पूर्णिमाने हातातली डब्याची पिशवी खाली ठेवली. मग ती पुढे झाली आणि ओवीला उचललं. बोट निघालं तशी ओवी रडू लागली.

"हे काय आहे, मावशी?"

"मंजन." ओठात पूड असल्यामुळे शब्द जड आला. त्यांनी तोंड वळवून फरशीच्या कडेला थुंकलं आणि तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली. "मशेरी गं. तू कशी आज लवकर?"

"कशाची असते ही?"

आपल्या हाताची वस्तू कोणी विचारावी आणि सांगताना चेहरा उजळावा, तसा त्यांचा उजळला. दुकानातली पुडी त्यांना चालत नसे. तंबाखू घरीच तव्यावर भाजायची, कोळशासारखी काळी झाली की कुस्करून गाळायची. भाजताना ठसका बसतो म्हणून पोरगी झोपली की मागं हितं.

"तुम्ही तर म्हणालात, तंबाखू खात नाही."

"खाती कुठं?" मावशींना खरोखरच कळलं नव्हतं. "लावती."

कागदावर तिने जे लिहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं. तिने खाण्याबद्दल विचारलं होतं आणि मावशींनी खाण्याबद्दल सांगितलं होतं.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून मावशींना वाटलं असावं की तिला काळजी त्यांची वाटते आहे. त्यांनी मोकळेपणाने खालचा ओठ दोन बोटांत धरून खाली ओढला आणि उजेडाकडे तोंड केलं.

"हितं जरा चरचरतं. बाकी काय नाय. दात बघ, एक हलत नाय."

ओठाच्या आत, हिरडीच्या मुळाशी, कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. भिजून फुगलेल्या कागदासारखी. पांढऱ्याच्या मध्ये मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. पूर्णिमाने तो पाहिला. पाहिला आणि ओवीला घट्ट धरून जिना चढून वर गेली.

वर गेल्यावर तिने उकळलेल्या पाण्यात फडकं बुडवून ओवीच्या हिरड्या तीन वेळा पुसल्या. मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. उलटी झाली का, सुस्त आहे का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही नव्हतं. पुन्हा होऊ देऊ नका, म्हणाले. रविवारी तेजसचा फोन आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं; दोन-दोन तासांची ती झोप कशाची होती, हेही सांगितलं. तेजस म्हणाला, दुसरी सोय बघ. मावशींच्या ओठातल्या ठिपक्याचं तिने त्याला सांगितलं नाही. त्या वेळी आठवलंच नाही.

मंगळवारपासून ओवी कल्याणीनगरच्या पाळणाघरात जाऊ लागली. ऑफिसपासून पाच मिनिटांवर आहे, दुपारी दूध पाजायला जाता येतं, असं पूर्णिमाने मावशींना सांगितलं. तेही खोटं नव्हतं. मावशी बरं म्हणाल्या. ओवीची दुपटी त्यांनी धुऊन, घडी करून वर पाठवली. टीव्हीखालची टाचणंही दुपट्यांबरोबर होती, चिकटपट्टी न फाडता काढलेली.

उन्हाळा गेला. मावशी संध्याकाळी पार्किंगच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. पूर्णिमा गाडीतून उतरली की ओवी त्यांच्याकडे झेपावायची, मावशी लांबूनच टाळी वाजवायच्या, आणि पूर्णिमा उशीर झाला असं काहीतरी पुटपुटत लिफ्टकडे वळायची. तो लाल ठिपका तिला मधूनच आठवायचा, भाजी चिरताना, गाडीत खिडकीला डोकं टेकलं असताना. आठवला की ती मनाशी म्हणायची, साईनाथ आहे, सून आहे. दर पंधरा दिवसांनी येतात. ते बघतीलच.

जूनच्या शेवटी ती पुन्हा डॉ. प्रियदर्शनींच्या खुर्चीत होती. हिरड्या आता गुलाबी झाल्या होत्या, ब्रशला रक्त लागत नव्हतं. डॉक्टरांनी दातांच्या फटींत दोरा घालून पाहिला आणि पहिल्यांदाच 'छान' म्हणाल्या. त्या बऱ्या क्षणी पूर्णिमाने मशेरीचं सांगितलं. बोटाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, ओवीला पुढे काही त्रास होईल का विचारलं. डॉक्टरांनी आधी त्याचं उत्तर दिलं. मुलगी नीट वाढते आहे ना, मग घाबरू नका. येणारे दात रोज पुसत जा.

"आणि त्यांचं काय?"

"कोणाचं?"

"मशेरी लावणाऱ्या बाईंचं. ओठाच्या आत काही दिसलं होतं?"

पूर्णिमाने सांगितलं. डॉक्टर एकेक विचारत गेल्या. पांढरं किती? बोटाच्या दोन पेरांएवढं. पुसलं तर निघण्यासारखं? नाही, चूळ भरल्यावरही तसंच होतं. लाल? मध्ये, थोडं डावीकडे, मसुरीच्या दाण्याएवढं, काठ उंच नव्हते. झोंबतं? तिखट झोंबतं. कधीपासून? निदान फेब्रुवारीपासून, कागद भरताना त्या तसं म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"इतकं नीट पाहिलंत," त्या म्हणाल्या.

त्या चिडल्या नव्हत्या. पूर्णिमाला वाटलं, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. आजची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिली आणि मार्चपासूनचे महिने मोजायचं टाळलं.

त्याच संध्याकाळी ती ओवीला कडेवर घेऊन तळमजल्यावर गेली. ओवीने हात पसरले. मावशींनी घेतलं नाही. शेंगा निवडायचं काम त्यांनी चालूच ठेवलं. पूर्णिमाने सांगितलं की विश्रांतवाडीला चांगल्या डॉक्टर आहेत, ओठाचं दाखवून घेऊ, मी येते बरोबर. मावशी म्हणाल्या की दुखत नाही तर दाखवायचं काय. संपतराव वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हिच्या तोंडाला लागू नका, मॅडम. आम्ही चाळीस वर्सं लागलो नाय."

मावशी त्यावर हसल्या नाहीत.

"पोरीला नेली तवा कारण सांगितलं नायस," त्या शेंगांकडे पाहत म्हणाल्या. "म्या इचारलं पन नाय. आता माझं तोंड कशाला बघायचंय तुला?"

पूर्णिमा खुर्चीच्या कडेवर टेकली. पाळणाघर जवळ पडतं वगैरे पुन्हा सांगता आलं असतं.

"बोटामुळे नेली, मावशी. बोटाला मशेरी होती. ती तिच्या तोंडात जात होती."

मावशींनी शेंग खाली ठेवली. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी स्वतःसमोर धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि हात पदराखाली घेतला. ओवीने एक शेंग उचलून तोंडात घातली. ती पूर्णिमाने काढून घेतली.

"माझी दोन्ही पोरं अशीच वाढली," मावशी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तवाच सांगायचं की गं. म्या बोट नसतं दिलं."

शनिवारी त्या आल्या. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, लग्नाला निघाल्यासारख्या. बाहेरची पाटी त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली आणि विचारलं, घासून आले तर लिहून द्यायचं असतं का. आत खुर्चीत बसताना पाय कुठे ठेवायचे ते कळेना, तेव्हा पूर्णिमाने त्यांच्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

डॉक्टरांनी कागद समोर घेतला नाही.

"मशेरी दिवसातून किती वेळा लावता, आजी?"

"उठल्याव येकदा. ती लावल्याबिगर पोट साफ होत नाय. मंग च्या झाल्याव, भाकरी झाल्याव..." त्या बोटांवर मोजत राहिल्या. नवावर थांबल्या. स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारख्या पूर्णिमाकडे पाहू लागल्या.

डॉक्टरांनी ओठ खाली धरून बराच वेळ पाहिलं, मोजपट्टी लावली, जिभेच्या दोन्ही कडा फडक्याने धरून तपासल्या, गळ्याच्या गाठी चाचपल्या. ठिपका आता मसुरीपेक्षा मोठा होता. दातांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मावशींना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं. मोठ्या रुग्णालयात जाऊन छोटासा तुकडा काढून तपासावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. मशेरी आजपासून बंद. दात ब्रशने घासायचे, आणि तल्लफ आली की बडीशेप चघळायची.

तुकडा काढताना पूर्णिमा बाहेर बाकावर बसली होती. साईनाथलाही तिनेच फोन केला होता. तो येऊन जिन्यात उभा राहिला आणि तिला म्हणाला की आईच्या चुलत जावा, नणंदा, सगळ्याच लावतात, कोणाला काही झालेलं नाही. मग थोडं थांबून म्हणाला, माझ्या एका मावशीला झालं होतं. त्याला लोक दाढेचं दुखणं म्हणायचे.

दहा दिवसांनी निकाल आला. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला सुरुवात झाली होती. मशेरी पूर्ण सुटली तर ते मागे फिरू शकतं, लावत राहिल्या तर पुढे जाईल, आणि म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तारखा लिहून दिल्या. मावशींनी तो कागद टीव्हीखाली चिकटवला, पूर्णिमाची टाचणं असायची तिथेच. संपतरावांनी तवा धुऊन माळ्यावर टाकला. पहिले पंधरा दिवस मावशींना चैन पडत नव्हतं, पोट बिघडलं, डोकं दुखलं. संध्याकाळी पूर्णिमा ओवीला घेऊन तिथेच बसायची. ऑक्टोबरात दाखवलं तेव्हा ठिपका गेला होता आणि पांढरं निम्म्याने ओसरलं होतं.

नोव्हेंबरात तेजस परत आला. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, कात्रजला घर घ्यायचं त्याचं आधीच ठरलं होतं. त्याची नवी कंपनी त्या बाजूला होती. पूर्णिमानेही तिकडेच बदली मागून घेतली. सामान हललं त्या दिवशी मावशींनी ओवीला कडेवर घेऊन अख्ख्या इमारतीभोवती एक चक्कर मारली आणि इथं विहीर होती, इथं बांध होता, असं तिला सांगितलं.

आता फोन होतो. पूर्णिमा ऑफिसमधून सुटली की करते, मावशी ओवीचं विचारतात, ओवी किती दात मोजून दाखवते ते ऐकतात. मशेरीचं विचारलं की म्हणतात, "कवाच सुटली." जानेवारीत साईनाथने दाखवून आणलं, सगळं ठीक निघालं. एप्रिलची तारीख होती तेव्हा त्याच्या घरी लग्न होतं. नंतर नेतो म्हणाला.

गेल्या आठवड्यात पूर्णिमाने पहिल्यांदाच दुपारी अडीचला फोन केला. काही कारण नव्हतं, एक मीटिंग रद्द झाली होती. फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला. मावशी 'पूर्णिमा' म्हणाल्या, आणि पहिलं अक्षर जड आलं, ओठ पुरता न मिटता आलेलं. मग पाण्याचा आवाज झाला. मग त्या नेहमीच्या आवाजात बोलू लागल्या.

पूर्णिमाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं. रविवारी ती जाऊन आली. पण येते म्हणून आधी कळवावं लागतं, ओवीसाठी पुरणपोळ्या करतात. आणि कळवून गेलं की मावशी चूळ भरून तयार असतात, मागचं दार लावलेलं असतं. ओठ दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, डॉक्टरीण झालीस का आता? संपतराव त्यांच्यामागे उभे राहून छताकडे बघत होते.

तेव्हा धानोरीत तुमचं जाणं-येणं असेल तर एक करा. विश्रांतवाडीकडून येताना उजव्या हाताला पिवळी इमारत लागते, तळमजल्याचं दार उघडं असतं. शकूमावशी म्हटलं की कोणीही दाखवेल. न कळवता जा, दुपारी. चहा करतील, तो घ्या. मग त्यांना मागच्या पायरीवर उजेडात बसवा आणि खालचा ओठ ओढून दाखवायला सांगा. मशेरीबद्दल काही विचारू नका. ओठ दाखवायला आधी नाही म्हणतील. तरी थांबा. एप्रिलची तारीख उलटून सात आठवडे झालेत.